बिल महिन्याचे, कमाई हंगामाची

अमरावतीच्या इतवारा बाजारात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर दुपारच्या वेळी एखाद्या ओळखीच्या दुकानात घटकाभर बसावे. गिऱ्हाईक कमी असते, मालक जोहरची नमाज आटोपून नुकताच गल्ल्यावर येऊन बसलेला असतो आणि इतक्यात फोन वाजतो. पलीकडून कोणी गोड आवाजात हिंदीतून सांगते की आपल्या नावाने दीड लाखाचे क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे, पहिल्या वर्षी फी नाही, आपण फक्त होकार द्या. कोणी रागाने फोन ठेवतो, कोणी हो म्हणतो. हो म्हणणारे आता आमच्या बाजारात पुष्कळ झाले आहेत. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला जरुरीचे वाटले.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. क्रेडिट कार्ड ही वाईट वस्तू आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हा अंगरखा पगारदाराच्या मापाने शिवलेला आहे. ज्याच्या हाती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली रक्कम पडते, त्याच्या अंगाला तो नीट बसतो. आमच्या वऱ्हाडातील दुकानदाराची आणि कारागिराची कमाई हंगामाची असते. कार्डाचे बिल मात्र हंगाम ओळखत नाही, ते दर महिन्याला ठरल्या तारखेला येते. या दोन गोष्टींचा मेळ ज्याने घातला त्याला कार्ड उपयोगी पडते. ज्याने घातला नाही त्याचे दुकान कार्ड खाऊन टाकते.

कार्ड म्हणजे नेमके काय?

भारतात बँकांची क्रेडिट कार्डे १९८० च्या सुमारास आली आणि पुष्कळ वर्षे ती मुंबई-दिल्लीच्या साहेबलोकांच्या खिशातच राहिली. आता ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. पण अनेकांना अजून डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड यांतला फरक स्पष्ट नाही. डेबिट कार्डाने आपण आपलेच पैसे खर्च करतो. क्रेडिट कार्डाने बँकेचे पैसे खर्च करतो आणि ते ठरल्या दिवशी परत करण्याचा करार करतो. कार्डावर लिहिलेली दीड लाखाची मर्यादा ही आपली मिळकत नव्हे. ती आपल्याला मिळू शकणारी उधारी आहे.

या उधारीची एक बाजू चांगली आहे. समजा, आपले बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. मग ६ तारखेला केलेल्या खरेदीचे पैसे पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला द्यायचे, म्हणजे पन्नासेक दिवस बिनव्याजी मिळाले. हीच खरेदी ४ तारखेला केली तर हातात वीस-एकवीस दिवसच राहतात. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर खरेदीवर एक पैसाही व्याज नाही. पूर्ण रक्कम भरणे, ही सगळ्या व्यवहाराची नाडी आहे.

‘किमान रक्कम’ नावाचा खड्डा

बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक पूर्ण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारणपणे एकूण बिलाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. दुकानदार पाहतो की साठ हजारांच्या बिलावर तीन हजार भरले तरी काम भागते आणि तो निर्धास्त होतो. येथेच गाडी रुळावरून घसरते.

हिशोब करून पाहू. समजा, रेडिमेड कपड्याच्या एका दुकानदाराचे बिल ६०,००० रुपये आले आणि त्याने ३,००० भरले. राहिले ५७,०००. कार्डावरील व्याज पुष्कळ बँकांत महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. साडेतीन टक्क्यांनी ५७,००० वर १,९९५ रुपये व्याज होते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३५९ रुपये. पुढचे बिल आले ५९,३५४ रुपयांचे. त्याची पाच टक्के किमान रक्कम २,९६८ रुपये त्याने इमानेइतबारे भरली. कर्ज किती उतरले? अवघे ६१४ रुपये. असे वर्षभर तो न चुकता भरत राहिला आणि या काळात एका रुपयाचीही नवी खरेदी केली नाही असे धरले, तर बारा महिन्यांत त्याच्या खिशातून सुमारे ३३,५०० रुपये जातील आणि मूळ कर्ज सात हजारही कमी होणार नाही. वर्षअखेर पन्नास हजार डोक्यावर तसेच राहतील.

हा हिशोबही आम्ही सौम्य करून मांडला आहे. खरे पाहता, एकदा बाकी मागे राहिली की बिनव्याजी मुदत रद्द होते. व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते आणि नव्या खरेदीवरही पहिल्याच दिवसापासून चढू लागते. ५७,००० बाकी असताना घरात दोन हजारांचे किराणा सामान आणले तरी त्या किराण्यावर व्याज चालू होते. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो आणि बँकेच्या दप्तरात आपले नाव थकबाकीदार म्हणून चढत नाही. तिचा उपयोग एवढाच.

सावकार आणि बँक

महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. जीएसटी धरला तर जवळजवळ पन्नास. वऱ्हाडच्या माणसाला सावकारीची ओळख नव्याने करून द्यायला नको. पण आजच्या कायद्यात सावकाराला काय मुभा आहे ते पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याखाली राज्य सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकार शेतकऱ्याखेरीज इतरांकडून तारण कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेऊ शकत नाही. शेतकऱ्यासाठी दर याहूनही कमी आहेत. शिवाय मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे. बँकांना हा कायदा लागू नाही.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी असा निर्णय दिला होता की मुदतीत पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापार पद्धती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे आणि कार्डधारक करारावर सही करूनच कार्ड घेतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. याचा साधा अर्थ आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावा. तुम्ही सही केली आणि मग दर फार आहे म्हणून दाद मागायला गेलात, तर ते दार आता बंद झाल्यासारखे आहे. म्हणून जे काय पाहायचे ते सही करण्यापूर्वी पाहा.

आमचा हंगाम

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. गादी-रजई भरणाऱ्या पिंजारी भावाचे काम थंडी पडू लागली की सुरू होते आणि संक्रांतीनंतर ओसरते. बागवान संत्र्याच्या बागेचा सौदा फळ झाडावर असतानाच करतो, विसार देतो, आणि आंबिया बहराचे पैसे दिवाळीच्या मागेपुढे, मृग बहराचे फेब्रुवारीनंतर हाती येतात. शिंप्याचे दिवस ईद, दसरा-दिवाळी, लग्नसराई आणि शाळा उघडण्याचा महिना. कापडवाल्याची, भांडेवाल्याची, वेल्डिंगवाल्याची विक्री कापूस, सोयाबीन आणि तूर बाजारात कशी आली यावर चालते. दसऱ्यापासून होळीपर्यंत पैसा फिरतो. मृगापासून पोळ्यापर्यंत तो खेड्यात बी-बियाणे, खत आणि निंदणीत अडकलेला असतो, आणि त्या दिवसांत दुकानात उधारीची वही जाड होते.

त्यात आमची ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१५ आणि २०१६ साली रमजान ईद जुलै महिन्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर आली होती. अलीकडच्या वर्षांत ती मार्च-एप्रिलमध्ये येते आहे. ज्या दुकानदाराने मागच्या ईदची विक्री पाहून पुढच्या ईदचा माल डोळे झाकून कार्डावर उचलला, त्याने ऋतूचा हिशोब केलाच नाही असे म्हणावे लागेल.

आणि एखादे वर्ष पिकाचेच जाते. २००६ च्या जुलैत केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या मदतीचे खास पॅकेज जाहीर केले होते. त्या सहांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. शेतकऱ्यावर संकट आले की ते चार महिन्यांत आमच्या उधारीच्या वहीवर उतरते. गावातला माणूस म्हणतो, शेटजी, पुढच्या पिकाला देतो. आम्हीही थांबतो, कारण त्याच्याशी तीन पिढ्यांची ओळख असते. ठोक व्यापारीही ओळखीवर महिनाभर थांबतो. कार्डाच्या बिलाला अशी ओळख ठाऊक नाही. ते यंत्रातून निघते आणि देय तारखेनंतर यंत्रच व्याज लावते.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, ज्या मालाचे पैसे पन्नास दिवसांत वसूल होणार नाहीत तो माल कार्डावर घेऊ नये. रजईचा कापूस पावसाळ्यात स्वस्त मिळतो म्हणून कार्डावर भरून ठेवला आणि विक्री डिसेंबरात झाली, तर मधल्या महिन्यांचे व्याज कापसाची सगळी स्वस्ताई गिळून टाकील. शिवाय अटींचा कागद वाचावा. व्यक्तिगत कार्डावर धंद्याची खरेदी करणे अनेक बँकांना मान्य नसते.

याची टोपी त्याच्या डोक्यावर

आमच्या बाजारात एक प्रकार फार बोकाळला आहे, त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. नड पडली की एखाद्या मशीनवाल्याकडे जाऊन कार्ड घासायचे, माल न घेता रोख रक्कम घ्यायची आणि त्याला शेकडा दोन-अडीच रुपये द्यायचे. पुढच्या महिन्यात दुसरे कार्ड घासून पहिल्याचे बिल भरायचे, मग तिसरे. पंचेचाळीस दिवसांसाठी अडीच टक्के म्हणजे वर्षाला वीस टक्के झाले, हे कोणी मोजत नाही. चक्रात एका महिन्याची जरी चूक झाली तरी तिन्ही कार्डांचे व्याज एकदम सुरू होते.

बँकेशी झालेल्या कराराप्रमाणे माल न विकता कार्ड घासणे मशीनवाल्याला मना आहे. मशीन जाते आणि कार्डही बंद होते. याशिवाय एका वर्षात दहा लाख किंवा त्याहून अधिक रकमेची कार्डाची बिले भरली, अथवा एक लाख किंवा त्याहून अधिक रोखीने भरली, तर बँकेला ती माहिती आयकर खात्याला कळवावी लागते. पन्नास-साठ हजारांचीच रक्कम तीन कार्डांत फिरवत राहिले तर वर्षभरात तिचा आकडा कुठे जातो ते पाहा. कमाई अडीच लाखांची आणि बिले बारा लाखांची, असा कागद खात्यासमोर गेला तर उत्तर कोण देणार?

एटीएमवर कार्ड घालून रोख काढणे त्याहून महाग. तेथे शेकडा अडीच रुपयांच्या आसपास फी लागते आणि व्याजाला सवलतीचा एक दिवसही मिळत नाही. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दालाही भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते. व्याज किमतीत किंवा फीमध्ये कोठेतरी दडलेले असते.

पत ही अमानत आहे

कोणी म्हणेल, मग कार्ड घेऊच नये का? तसे आमचे म्हणणे नाही, आणि त्याला कारण आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की काही बँका काही वस्त्या ‘निगेटिव्ह’ ठरवून तेथे कर्ज देण्याचे टाळतात. मुस्लिम मोहल्ल्यातील दुकानदाराला बँकेच्या पायऱ्या झिजवूनही कॅश क्रेडिट मिळत नाही, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. आज त्याच मोहल्ल्यात बँक फोन करून कार्ड देते. दहा टक्क्यांचे कर्ज मागायला गेलो तर दार लोटलेले आणि बेचाळीस टक्क्यांचे घरपोच, ही विसंगती आम्हाला खटकते.

पण याच कार्डातून पतही तयार होते. सिबिलसारख्या कंपन्या प्रत्येक कर्जदाराला ३०० ते ९०० या दरम्यान गुण देतात. ज्याने कधीच बँकेचे कर्ज घेतले नाही त्याचा कागद कोरा असतो आणि कोऱ्या कागदाला बँक घाबरते. लहान मर्यादेचे एक कार्ड घेऊन दोन वर्षे पूर्ण बिल वेळेवर भरले तर तो कागद भरतो. उद्या मशीन घ्यायला किंवा गाळा घ्यायला कर्ज मागताना तो कामी येतो. तोच कागद खराब झाला तर वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. एकत्र धंद्यात तर जास्त जपावे. धाकट्याच्या नावावर कार्ड, खर्च थोरल्याचा आणि भरणा गल्ल्यातून, असे चालले तर बिघाड झाल्यावर नाव धाकट्याचे जाते. जोडकार्ड दिले असेल तर त्यावरील सगळा खर्च मूळ कार्डधारकाच्या माथी असतो.

सुदाचा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात पहिल्यापासून असणार. व्यापाराच्या पानावर आम्ही फतवा देणार नाही. मुदतीत पूर्ण पैसे देणाऱ्याने कार्ड वापरावे की नाही याबद्दल उलेमांत मतभेद आहेत. करारातच सुदाची अट असल्याने काही जण ते नाकारतात, काही जण गरजेपुरती मुभा देतात. आपण आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. एवढे मात्र आम्ही म्हणू की बाकी ठेवून सूद भरत राहणे यात दीनही जातो आणि दुनियाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे तरी आम्ही रोजच्या व्यवहारात आणावे.

काय करावे?

कार्ड एकच ठेवावे आणि त्याची मर्यादा हंगाम नसलेल्या महिन्यातल्या कमाईपेक्षा जास्त नसावी. जुलै-ऑगस्टमध्ये घरात पंधरा हजार येत असतील तर कार्डावर पंधरा हजारांचीच मर्यादा पुरे. बँक आपल्या संमतीशिवाय मर्यादा वाढवू शकत नाही, आणि कमी करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. कार्डावर खर्च झाला की त्याच दिवशी तेवढी रक्कम वहीत ‘देणे’ म्हणून लिहावी आणि जमेल तशी वेगळ्या खात्यात टाकावी. बिलाची तारीख आपल्या वसुलीच्या दिवसांना सोयीची नसेल तर ती निदान एकदा बदलून मागता येते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केलेले नियमही माहीत असावेत. न मागता कार्ड देता येत नाही. देणे फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे, न झाल्यास दर दिवशी ५०० रुपये बँकेने आपल्याला द्यावे लागतात. देय तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई आहे. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही. फसवणूक झाली तर त्याच घटकेला बँकेला आणि १९३० या नंबरवर कळवावे.

ज्याच्यावर आधीच बाकी चढली आहे त्याने लाजून घरात बसू नये. कार्ड कपाटात टाकावे, नवी खरेदी बंद करावी, बँकेत जाऊन हप्ते बांधून मागावेत आणि जे ठरेल ते लेखी घ्यावे. घरच्यांना सांगावे. मोहल्ल्यात आणि जमातीत कर्ज-ए-हसना देणारी माणसे अजून आहेत. सूद थांबवण्यासाठी कोणापुढे हात पसरला तर त्यात कमीपणा नाही.

भांडवल लागत असेल तर कार्डाखेरीज अन्य वाटा पाहाव्यात. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी अशा अठरा धंद्यांतील कारागिरांना पहिल्यांदा एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्क्यांनी मिळते. तेथेही व्याज आहे, पण बेचाळीस आणि पाच यांतला फरक कोणालाही कळेल. अशा योजनांचे अर्ज भरून देण्याचे आणि बिल वाचायला शिकवण्याचे काम आमच्या व्यापारी संघटनांनी आणि अंजुमनांनी हाती घेतले पाहिजे. जुम्याच्या नमाजनंतर एक तास, महिन्यातून एकदा, एवढे जरी अमरावती आणि अकोल्यात सुरू झाले तरी पुष्कळ घरे वाचतील.

आमच्या वडीलधाऱ्यांनी उधारीवरच धंदे उभे केले, हे खरे. पण त्यांच्या उधारीला वही होती, सांगणारा माणूस होता आणि हंगामाची मुदत होती. कार्डाला यांतले काहीच नाही. वही आपणच ठेवायची आहे, हिशोब आपणच सांगायचा आहे आणि मुदतीआधी पैसे आपणच बाजूला काढायचे आहेत. हे ज्याला जमेल त्याने कार्ड खुशाल वापरावे. ज्याला यंदा जमणार नाही असे वाटते, त्याने दुपारी फोन आला तर नम्रपणे ‘नको’ म्हणावे आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे.